यावर हाडं तोडणार का?

सुतारकाकांनी माझ्या फोनमधला, चिरायच्या लाकडी ठोकळ्याचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, लांब धरला, जवळ आणला, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिला आणि विचारलं, "ताई, यावर हाडं तोडणार का?" मी म्हटलं, "छे हो. भाज्या, फळं, कधीतरी मांस, तेही कापूनच आणलेलं." "मग एवढा जाड कशाला?" मला पटकन काही सुचेना. दिसायला छान दिसतो, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनीही ताणून धरलं नाही. फोन परत दिला, कानावरची पेन्सिल काढली आणि समोरच्या फळीवर खूण करायला लागले. माझं काम संपलं असं त्यांनी धरलं होतं की मी विचार करून परत येईन असं, ते काही कळलं नाही.

प्रश्न साधाच, पण तो पाठ सोडेना. स्वयंपाकघरात एक लाकडी ठोकळा हवा हे वेड बरेच दिवस डोक्यात होतं. लाकूड कुठलं, माप काय, तेल कुठलं, यावर मी कुणालाही गाठून बोलायला लागायचे आणि समोरचं माणूस हळूच पाणी प्यायला उठायचं. फोनमध्ये फोटोंचा ढीग साठला होता. सगळ्यांत कोन तोच: खिडकीतून तिरका उजेड, चांगलं दहा सेंटिमीटर जाड लाकूड, त्यावर एक दणकट सुरी, बाजूला हिरव्या पाल्याची जुडी. त्या ठोकळ्यांवर लसणाची सालं कधी नसतात. कुणाचा चहाचा कप टेकवलेला नसतो, त्याचा गोल डाग नसतो. आता शांतपणे पाहिलं तर वाटतं, मला ठोकळ्यापेक्षा त्या ठोकळ्यापाशी उभी असलेली मी हवी होते: बाह्या दुमडलेली, घाई नसलेली, सुरी कशी धरायची ते नीट ठाऊक असलेली बाई. वस्तू घेताना आपण त्या वस्तूबरोबर येणारं माणूस घ्यायला निघतो आणि ते माणूस काही पिशवीतून घरी येत नाही. तरीही त्या जाडीची ओढ निव्वळ देखाव्याची होती असं म्हणवत नाही. ती जरा लांबून आलेली होती.

लहानपणी बाबांचं बोट धरून खाटकाच्या दुकानात जायचे तेव्हा माझी नजर बरोबर त्याच्या ओंडक्याच्या उंचीला यायची. वर टांगलेल्या मांसाकडे बघायची भीती वाटे, म्हणून मी ओंडक्याकडेच बघत राहायचे. आख्ख्या झाडाचा बुंधा होता तो. बाजूला कुठे कुठे साल शिल्लक होती आणि वरच्या अंगाला लोखंडी पट्टा ठोकलेला होता. माथा सपाट नव्हता. मधोमध खोलगट होत गेलेला, आणि कडेला, जिथे सत्तूर कधी पडतच नसे, तिथे झाडाची मूळची उंची राहिलेली. म्हणजे तो माणूस कुठे उभा राहतो, कुठल्या हाताने मारतो, सगळं त्या खळग्यात लिहिलेलं होतं. सत्तूर खाली आला की आवाज लाकडाच्या पोटातून यायचा आणि फरशीतून चपलांपर्यंत पोचायचा. गिऱ्हाईक कमी झालं की तो सत्तुराचं पातं उभं धरून दोन्ही हातांनी माथा खरवडायचा. करडा, ओलसर भुगा निघायचा. तो झटकून टाकायचा आणि वर मूठभर खडेमीठ पसरायचा. मांसाचा वास माझ्या आठवणीत नाही, त्या ओल्या लाकडाचा आहे. थोडा आंबूस, थोडा गोड.

सुतारकाकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ओंडक्यातच होतं. हाड तोडायचं तर घावाखाली वजन हवं. हलकी फळी उसळते आणि घावाचा जोर त्या उसळीत वाया जातो. भरीव ओंडका जागचा हलत नाही, म्हणून सगळा जोर हाडात उतरतो. दुसरं म्हणजे खरवडणं. रोज थोडं लाकूड जाणार, खळगा फारच खोल झाला की वरचा थर करवतीने काढून पुन्हा सपाट करावा लागणार. तेव्हा ती फूटभर जाडी म्हणजे शिल्लक ठेव असते, हळूहळू खर्च करायला ठेवलेली. फ्रान्समध्ये खाटकांचे ठोकळे हॉर्नबीमचे असत, अमेरिकेत सिकॅमोरच्या बुंध्याचे, कारण या लाकडांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि घावाने सहजी फाटत नाहीत. आशियात कितीतरी ठिकाणी चिंचेचा बुंधा वापरतात, त्याचं कारणही तेच. पुढे मेपलचे तुकडे एकमेकांना चिकटवून मोठाले ठोकळे बनवायला लागले आणि तेच रूप हळूहळू घरांच्या स्वयंपाकघरांत शिरलं.

आमच्या घरात घाव घालणारं कुणी नाही.

मग मी ओट्यापाशी मोजपट्टी घेऊन उभी राहिले. ओटा 90 सेंटिमीटर. माझा कोपर जमिनीपासून 97 वर. चिरताना खांदे सैल राहायला हवेत तर चिरायची पातळी कोपराच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली असावी लागते, म्हणजे माझ्यासाठी 82 ते 87. थोडक्यात, रिकामा ओटाच मला जरा उंच आहे. त्यावर 10 सेंटिमीटर जाडीचा ठोकळा ठेवला की पातळी जाते 100 वर, कोपराच्याही वर. मी शब्दकोशाचे दोन खंड ओट्यावर ठेवले, त्यावर फळी ठेवली आणि गाजर चिरायला घेतलं. दुसऱ्या गाजराला खांदे कानांकडे निघाले. नवरा चांगला सहा फूट उंच आहे, तो येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अरे वा, पहिल्यांदाच पाठ दुखत नाहीये." त्याचं खरं होतं. उंच माणसाला जाड ठोकळा हे वरदान आहे. पण चिरतं कोण, हा मुद्दा मी तिथल्या तिथे काढला आणि चर्चा थोडी वेगळ्या दिशेला गेली. असो. खाटकाच्या ठोकळ्याला स्वतःचे पाय का असतात ते मात्र कळलं. तो ओट्यावर ठेवायची वस्तूच नाही. जमिनीवरून उभा राहतो आणि वापरणाऱ्याच्या उंचीला कापून घेतलेला असतो. ज्यांच्या स्वयंपाकघरात मधोमध मोकळी जागा आहे त्यांनी खुशाल पायांचा ठोकळा घ्यावा, आणि पाय आधी लांबच ठेवावेत. कापून कमी करता येतात, वाढवता येत नाहीत.

वजनाचा हिशेबही करून पाहिला. मेपल किंवा बीच सुकल्यावर घनमीटरला 700 किलोच्या आसपास भरतं. फोटोतला माझा लाडका ठोकळा, 60 बाय 45 बाय 10 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास 19 किलो. तो सिंकमध्ये मावत नाही, उचलून उभा करता येत नाही, त्याच्याखाली पाणी गेलं तर ते तिथेच राहतं. जिथे ठेवला तिथे तो आणि त्याच्याखालचा ओटा दोघेही एकमेकांना कायमचे अंतरले. 45 बाय 35 बाय 5 चा केला तर साडेपाच किलो. हा मी एकटी उचलते, तिरका धरून नळाखाली फिरवते, भिंतीला टेकवून वाळवते. त्या दोन आकड्यांमध्ये माझा फोटो विरघळला आणि जरा वाईटही वाटलं. जडपणात एक आश्वासन असतं. काहीतरी आपल्यानंतरही जागचं हलणार नाही असं वाटतं. पण रोज रात्री भांडी आवरताना आश्वासन उचलावं लागत नाही, ठोकळा लागतो.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सुतारकाका रिकामे होते. त्यांनी तुकड्यांच्या ढिगातून बीचचा एक तुकडा काढला, बोट पाण्यात बुडवलं आणि एक थेंब तुकड्याच्या लांब अंगावर ठेवला, दुसरा कापलेल्या टोकावर. लांब अंगावरचा थेंब फुगीर होऊन तसाच बसून राहिला. टोकावरचा पसरला, लाकडाचा रंग गडद झाला आणि थेंब आत गेला. "झाड पाणी याच नळ्यांतून वर चढवतं," ते म्हणाले. "मेलं तरी सवय जात नाही." मग खिशातला चाकू काढून दोन्हीकडे सारख्या जोराने दाबला. लांब अंगावर स्वच्छ चीर उमटली, तंतू तुटलेले दिसत होते. टोकावरची रेघ तिरक्या उजेडातच दिसत होती. त्यावर त्यांनी ओलं बोट फिरवलं, थोडं थांबले आणि तुकडा माझ्या हातात दिला. रेघ मला नखाने चाचपून शोधावी लागली.

एंड ग्रेनचं, म्हणजे लाकडाच्या या कापलेल्या टोकाचं, कौतुक करतात ते यासाठी. टोकं वर करून बसवलेल्या ठोकळ्यात तंतू ब्रशच्या केसांसारखे उभे असतात. धार त्यांच्यामधून शिरते, ते बाजूला होतात, सुरी निघाली की पुन्हा जवळ येतात. म्हणून लाकूडही टिकतं आणि धारही. आमच्याकडे कुणीतरी भेट दिलेली काचेची फळी होती. तिच्यावर सुरी टेकली की दातांतून कळ जायची, आणि नवी धार लावलेली सुरी आठवड्यात टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागायची. धारेच्या अगदी टोकाला पोलाद इतकं पातळ असतं की काचेवर किंवा ग्रॅनाइटवर ते दुमडतं. दगडी आणि काचेच्या फळ्या चीज मांडायला ठेवाव्यात, त्यांच्यावर सुरी चालवू नये, एवढं मत मी कुणी न विचारताही देते.

पण एंड ग्रेन करून घेणं हा खटाटोप आहे. आधी पट्ट्या चिकटवून एक फळी करायची. ती सुकली की आडवी कापून पुन्हा पट्ट्या करायच्या, प्रत्येक पट्टी टोक वर येईल अशी फिरवायची, पुन्हा शिकंज्यात आवळून चिकटवायची. टोकांवर रंधा मारला की कडेचे तंतू उचकटतात, म्हणून घासकाम फार. सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचा हवा. फार पातळ केला तर पडल्यावर सांध्यातून तुटतो, तेव्हा चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. शिवाय टोकं वर आली की तहानही वर येते. तेल जास्त पितो, पाणीही. लांब तंतूंची साधी फळी यापेक्षा हलकी, सोपी आणि बरीच सोशिक असते, आणि नुसत्या भाज्या चिरणाऱ्या घराला ती पुरून उरते. सुतारकाकांनी हे तोंडाने म्हटलं नाही, पण तसल्या दोन फळ्या माझ्यासमोर मुद्दाम पुसून ठेवल्या.

एक गोष्ट त्यांनी स्पष्ट नाकारली. मला ठोकळ्याभोवती गडद लाकडाची चौकट हवी होती. फोटोत ती फारच देखणी दिसते. ते म्हणाले, फुटेल. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आकसतं, पण तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. एंड ग्रेनचा ठोकळा लांबी-रुंदी दोन्हीकडे फुगणार, चौकटीच्या पट्ट्या लांबीत जागच्या जागी राहणार. कुणीतरी हार मानणार. बहुतेक वेळा कोपऱ्यातला सांधा मानतो, कधी ठोकळाच मधून चिरतो. मी सुंदर चौकटींचे फोटो पुन्हा पाहिले. एकही जुना दिसत नव्हता.

त्याच नियमाने मला त्या ओंडक्याचा लोखंडी पट्टाही समजला. झाडाचा आडवा काप तसाच घेतला तर सुकताना तो फाटणारच, कारण लाकूड वर्तुळाकार वळ्यांच्या दिशेने जास्त आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे कमी. हार्ड मेपल ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत वळ्यांच्या दिशेने 9.9 टक्के आकसतं आणि त्रिज्येच्या दिशेने 4.8. परीघ आतल्या लाकडापेक्षा जास्त आखडणार म्हटल्यावर एक पाचरीएवढी चीर पडून हिशेब पुरा होतो. खाटकाचा ओंडका पट्ट्याने आवळलेला असायचा आणि दिवसभर ओला, त्यामुळे तो पुरता सुकायचाच नाही. आपल्या घरात तोच ओंडका सुट्टीवर जाऊन येईपर्यंत तडकेल. सालीसकट गोल काप ही सध्याची फार आवडती वस्तू आहे. तिच्यावर फळं मांडावीत. चीर पडली तर बोट घालून पाहावं आणि त्यात कच्च्या मांसाचं पाणी गेलं तर ते कसं काढणार याचा विचार करावा. चिकटवलेल्या ठोकळ्यात लाकूड आधी सुकवून घेतलेलं असतं, आणि चांगला कारागीर शेजारच्या तुकड्यांतली वळी एका दिशेला येतील अशी मांडतो, म्हणजे सगळे मिळून हलतात. घेताना मी आता आधी टोकांवरची वळी बघते. एकात उभी, शेजारी आडवी अशी दिसली तर पुढे जाते.

लाकूड निवडताना आकड्यांनी मला थोडं फिरवलं. कठीणपणा मोजायची एक रीत गॅब्रिएल यांका यांनी 1906 मध्ये मांडली: 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते पाहायचं. हार्ड मेपलला सुमारे 1,450 पौंड, काळ्या अक्रोडाला 1,010, चेरीला 950, साग 1,070 च्या आसपास. जितकं कठीण तितकं चांगलं असं यावरून वाटतं, पण ब्राझीलच्या इपेसारखं साडेतीन हजारांचं लाकूड घेतलं तर सुरीची दशा काचेवर होते त्याच्या जवळ जाते. फार मऊ, पाइनसारखं, तर खड्डे पडतात आणि राळेचा वास कांद्याला लागतो. साग पाण्याला दाद देत नाही, आकसतोही कमी, पण त्याच्या तंतूंत सिलिका असते आणि ती धार खाते. माझ्या मते तरी हलक्या हाताने चिरणाऱ्याला साग चालेल. बांबू तर मुळात गवत, त्याच्या फळीत गोंद बराच असतो आणि सुरीला तो कडकच लागतो. रेड ओकच्या नळ्या इतक्या उघड्या असतात की सुतारकाकांनी एक लांब कांडी पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकली आणि पाण्यात बुडबुडे आले. मी लहान मुलीगत पुन्हा करायला लावलं. ज्या लाकडातून फुंकर जाते त्यातून रक्तही जाणार, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. राहता राहिले मेपल, बीच, अक्रोड, चेरी. रेड ओकपेक्षा बारीक छिद्रांची, वासरहित, मधल्या कठीणपणाची. मेपलवर बीटाचा डाग उठून दिसतो, अक्रोड सगळं पोटात घालतो. मला डाग दिसलेले बरे वाटतात, मग धुतले तरी जातात. जुन्या दाराचं, खोक्याचं, कुठल्या तरी वाशाचं लाकूड वापरायचा मोह मीही केला होता, पण त्यावर कुठला रंग होता आणि कीड लागू नये म्हणून काय पाजलं होतं ते लाकूड सांगत नाही.

आणि मग अक्का.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, स्वच्छतेच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. "लाकडात जंतू मुरतात," ती म्हणाली, "मी असल्या घरात जेवणार नाही." पूर्वी सगळीकडे हेच सांगत असत आणि त्यावरच प्लास्टिकच्या फळ्या घरोघर आल्या. पण अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लायव्हर यांनी हे तपासून पाहायचं ठरवलं. लाकडाच्या फळ्या प्लास्टिकइतक्या सुरक्षित कशा करता येतील हे शोधायला ते निघाले होते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत उलटच दिसलं. लाकडावर टाकलेले जंतू पृष्ठभागाखाली जात, तिथे वाढत नसत आणि हळूहळू मरत. कोरं प्लास्टिक सहज धुतलं जाई, पण सुरीच्या चरे पडलेल्या प्लास्टिकमधले जंतू हाताने घासून निघता निघत नसत. मी हे अक्काला वाचून दाखवलं. तिने शांतपणे विचारलं, "आणि चीर पडलेल्या लाकडाचं काय?" त्यावर मला गप्प बसावं लागलं. तिची शंका फुकट नव्हती. लाकूड आपलं आपण स्वच्छ होतं असा अर्थ त्या संशोधनातून काढणं हा आळशी माणसाचा अर्थ आहे. कच्च्या मांसाला वेगळी फळी, भाज्या-फळांना वेगळी, हा नियम लाकूड असो की प्लास्टिक, सुटत नाही. काम झालं की लगेच गरम पाणी, साबण, ब्रश. मांसानंतर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर, बिनवासाचं ब्लीच घालून पुसायचं, पुन्हा धुवायचं आणि उभं करून दोन्ही अंगांनी वाळवायचं. आडवं ठेवलं तर खालचं अंग ओलं राहतं, वरचं सुकतं आणि फळी वाकते. डिशवॉशरमध्ये तर कधीच नाही. हे सगळं 19 किलोच्या वस्तूबाबत कोण करणार? खाटीक रोज खरवडत होता, मीठ पसरत होता, त्याचं ते पोटाचं काम होतं. आपण रात्री दहाला दमलेले असतो. जड ठोकळ्याची खरी अडचण मला तिथे दिसली: तो धुवायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की अक्का बरोबर ठरते.

तेलाबद्दल मात्र मला विलक्षण प्रेम वाटतं, ठोकळा अजून घरी आलेला नसतानाही. सुतारकाकांच्या तुकड्यावर मी खाण्यायोग्य मिनरल ऑइल, म्हणजे बिनवासाचं खनिज तेल, चोळून पाहिलं. फिकट, पिठूळ दिसणारं टोक एकदम मधाच्या रंगाचं झालं, वळी उठून आली, आणि पाच मिनिटांत पुन्हा कोरडं. पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं. तुकडा तळव्याएवढाच, पण त्याने किती प्यावं याला सुमार नव्हता. शेवटी मागच्या बाजूने घामेजल्यासारखा दिसला तेव्हा थांबले. वर थोडं मधमाश्यांचं मेण तेलात विरघळवून चोळलं की पाणी जरा थबकतं. स्वयंपाकाचं तेल लावायचा मोह होतो, बाटली समोरच असते. पण सूर्यफूल, ऑलिव्ह ही तेलं लाकडात राहून खवट होतात आणि तो वास नंतर घासूनही जात नाही. जवसाचं शुद्ध तेल किंवा टंग ऑइल, म्हणजे टंग झाडाच्या बियांचं तेल, हवेत सुकून कडक होतं, तेही चालतं, पण त्याला पुरतं सुकायला आठवडे द्यावे लागतात. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या सुकताना आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळू द्याव्यात. हे सांगताना सुतारकाकांचा आवाज पहिल्यांदा चढला. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यावरचा काळा डाग त्यांनी नुसत्या हनुवटीने दाखवला.

शेवटी ठरलं ते असं: बीच, एंड ग्रेन, 45 बाय 35, जाडी पाच सेंटिमीटर. कच्च्या मांसासाठी वेगळी पातळ प्लास्टिकची फळी, चरे पडले की टाकून द्यायची. नुसत्या भाज्यांना एवढं एंड ग्रेन लागत नाही हे मला माहीत आहे. चार सेंटिमीटरही पुरले असते. वरचा एक सेंटिमीटर हा त्या ओंडक्यासाठी आहे, त्याला सुतारकाकांकडे काही कारण देता येणार नाही आणि त्यांनी ते मागितलंही नाही. पुढे कधी माथा खराब झाला तर घासून काढायला होईल, एवढं म्हणून त्यांनी स्वतःच माझी सोय लावून दिली.

आता अडलंय ते चरावरून. नवऱ्याला कडेने चर हवा, शिजलेलं मांस कापताना रस ओट्यावर येतो म्हणून. मला नको, कारण चिरलेली कोथिंबीर सुरीने सरकवताना निम्मी त्यात जाऊन बसते. तोड निघाली की एका अंगाला चर, दुसरं अंग सपाट. पण मग दोन्ही अंगं वापरायची म्हटल्यावर खाली रबराचे पाय लावता येत नाहीत, आणि पाय नाहीत तर ठोकळा सरकतो. ओलं फडकं खाली घातलं तर सरकत नाही, पण ते तिथेच विसरलं की बुरशी. म्हणून जाळीदार रबरी चटई घ्यायची, ती चिरून झालं की काढून ठेवायची. सुतारकाकांना चर आठ मिलिमीटर रुंद, कडेपासून दोन सेंटिमीटर आत, असा सांगितला आहे. खोली किती, ते बाकी आहे. नवरा म्हणतो चांगला खोल हवा. खोल चरात अडकलेलं काढायला जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. ते कोण करणार हे त्याने सांगितलं की मी आकडा कळवते.